वीस हजारांत डिजिटल कॅमेरा घ्यायचाय? गांधीबागेतल्या साडीपासून मारबतीच्या मिरवणुकीपर्यंत, पैसे नेमके कशाला मोजायचे?

इन्स्टाग्रामवर डिजिकॅमचं खूळ परत आलंय. चेहऱ्यावर थेट मारलेला फ्लॅश, मागे काळाकुट्ट अंधार, कोपऱ्यात नारिंगी तारीख. 2008 च्या गॅदरिंगचे फोटो दिसायचे, अगदी तसेच. ज्यांनी ते कॅमेरे कपाटात टाकून फोन हातात घेतला, त्यांचीच धाकटी भावंडं आता तेच कॅमेरे शोधत फिरतायत. आणि प्रश्न सगळ्यांचा एकच असतो: पंधरा-वीस हजारांत कोणता घेऊ?

नागपूरच्या गांधीबागेत मात्र हा प्रश्न हौसेपुरता राहत नाही. सी. ए. रोड, इतवारी आणि महाल यांच्या मधला हा कापडाचा ठोक बाजार. विदर्भातल्या तालुक्यांच्या गावांतले चिल्लर दुकानदार इथून माल भरतात. पूर्वी ते स्वतः यायचे, गादीवर बसून थान उलगडून बघायचे. आता आधी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो मागतात. दुकानातला पुतण्या किंवा भाची फोटो काढते, ग्रुपवर टाकते, ऑर्डर येते. आणि माल पोचल्यावर फोन येतो, ‘फोटोत तर राणी कलर होता, हा तर मरून निघाला.’

असा एक गठ्ठा परत आला की वाहतुकीचा खर्च दोन्ही बाजूंनी अंगावर पडतो. त्यामुळे ‘चांगला कॅमेरा घेऊन टाकू’ हा विचार इथे धंद्याचा आहे. वीस हजार गेले आणि रंग तरीही मरूनच आला, तर तो तोटा कोणी भरून देत नाही.

म्हणून आधी बाजाराची स्थिती सांगते, मग कॅमेऱ्याची.

नवे स्वस्त कॅमेरे गेले कुठे?

जपानी कॅमेरा कंपन्यांची ‘सिपा’ नावाची संघटना दरवर्षी जगभरात किती कॅमेरे रवाना झाले याचे आकडे देते. 2010 मध्ये कॉम्पॅक्ट, म्हणजे लेन्स न बदलता येणारे डिजिटल कॅमेरे दहा कोटींहून जास्त गेले होते. 2023 मध्ये हा आकडा सुमारे 17 लाखांवर आला होता. शंभरातले अठ्ठ्याण्णव कॅमेरे गायब!

फोनचे कॅमेरे सुधारले, तसं कंपन्यांनी स्वस्त मॉडेलं आधी बंद केली. सात-आठ हजारांत मिळणारे सोनीचे सायबरशॉट, निकॉनचे कूलपिक्स, कॅननचे स्वस्त इक्सस ही सगळी पंगत उठली. उरले ते महागडे, कारण तिथेच नफा होता. त्यानंतर जेन-झीला जुना लूक आवडायला लागला, मागणी परत आली, पण माल बनवणारं फारसं कोणी उरलं नव्हतं.

कॅननचं उदाहरण बघा. त्यांनी 2025 मध्ये इक्सस 285 एचएस हा 2016 सालचा कॅमेरा जवळपास जसाच्या तसा पुन्हा बाजारात आणला. मुख्य बदल काय, तर मोठ्या एसडी कार्डाऐवजी आता मायक्रो एसडी कार्ड लागतं. अमेरिकेत त्याची किंमत 380 डॉलरच्या आसपास ठेवली, म्हणजे आपल्याकडच्या हिशोबानं तीस हजारांच्या वर. नऊ वर्षं जुनं तंत्रज्ञान, नव्या किमतीत. तरीही लोक घेतात, कारण पर्याय कमी आहेत.

ही रिकामी जागा ज्यांनी भरली, त्यांच्याबद्दल सावध राहायला हवं.

‘48 मेगापिक्सेल, 4के, 16 पट झूम’ ही पाटी कशी वाचायची?

ऑनलाइन दुकानात ‘डिजिटल कॅमेरा’ टाकून किंमत दहा हजारांच्या आत ठेवा. एकसारखे दिसणारे डझनभर कॅमेरे समोर येतील. प्रत्येकावर वेगळंच नाव, कधीही न ऐकलेलं. वर्णन मात्र सारखं: 48 मेगापिक्सेल, 4के व्हिडिओ, 16 पट झूम, ऑटोफोकस, सोबत कार्ड फुकट. काहींवर 64 मेगापिक्सेलही लिहिलेलं असतं.

यातल्या बहुतेकांच्या आत छोटा, फोन किंवा वेबकॅमच्या जातीचा सेन्सर असतो. तो मुळात 5, 8 किंवा 13 मेगापिक्सेलचा फोटो घेतो. मग कॅमेऱ्यातलं सॉफ्टवेअर तो फोटो ताणून 48 मेगापिक्सेलचा करतं. याला इंटरपोलेशन म्हणतात. दोन ठिपक्यांच्या मध्ये अंदाजानं तिसरा ठिपका भरायचा, एवढंच. फाइल मोठी होते, माहिती तेवढीच राहते. दुधात पाणी घातल्यावर गंज भरतो, तसं.

झूमचंही तेच. ऑप्टिकल झूममध्ये लेन्स खरोखर पुढे-मागे सरकते आणि लांबचं जवळ आणते. डिजिटल झूम म्हणजे फोटोचा मधला तुकडा कापून मोठा करणं, जे तुम्ही फोनवर दोन बोटांनी फुकटात करता. वर्णनात नुसतं ‘16 एक्स झूम’ असेल आणि ‘ऑप्टिकल’ हा शब्द कुठेच नसेल, तर तो डिजिटल आहे असं समजून चाला. कॅमेरा चालू केल्यावर लेन्स बाहेर येते का, हे व्हिडिओ रिव्ह्यूत बघा. येत नसेल आणि झूमचा दावा मोठा असेल, तर पुढे वाचायची गरज नाही.

आणखी एक खूण आहे, आणि ती मला सगळ्यात भरवशाची वाटते. सेन्सरचा आकार शोधा. खऱ्या कॅमेरा कंपन्या तो तांत्रिक माहितीत लिहितात. या कॅमेऱ्यांच्या वर्णनात बॅटरी आहे, लेन्सचं कव्हर आहे, ‘मुलांसाठी उत्तम भेट’ आहे, फक्त सेन्सरचा आकार नाही.

हे सगळे कॅमेरे टाकाऊ आहेत असं म्हणायचं नाहीये. सात वर्षांच्या पोराला सहलीत द्यायला चालतील. मात्र साडीच्या कॅटलॉगसाठी घेतला, तर तुमच्या खिशातल्या फोनपेक्षा वाईट फोटो येईल. त्याचे पैसे वेगळे मोजायचे म्हणजे काय!

मेगापिक्सेल लागतात तरी किती?

इन्स्टाग्रामची उभी पोस्ट साधारण 1080 बाय 1350 पिक्सेलची. गुणाकार करा: 14.6 लाख पिक्सेल, म्हणजे दीड मेगापिक्सेलही नाही. पूर्ण उभी रील 1080 बाय 1920, म्हणजे दोन मेगापिक्सेलच्या जरा वर. 4 बाय 6 इंचाचा फोटो स्टुडिओतून छापून आणायचा तरी दोन-सव्वादोन पुरतात. ए-4 कागदावर उत्तम छपाईसाठी नऊच्या आसपास. 16 किंवा 20 मेगापिक्सेलचा कुठलाही खरा कॅमेरा सोशल मीडियाच्या गरजेपेक्षा आधीच कितीतरी जास्त देतो.

मग फोटो चांगला-वाईट कशामुळे ठरतो? प्रकाश किती गोळा झाला, यावरून. आणि प्रकाश गोळा करणारी परात म्हणजे सेन्सर.

सेन्सर: पैसे मोजायची खरी जागा

स्वस्त कॉम्पॅक्टमध्ये बहुधा 1/2.3 इंच प्रकारचा सेन्सर असतो. प्रत्यक्षात तो सुमारे 6.2 बाय 4.6 मिलिमीटर, हाताच्या करंगळीच्या नखापेक्षाही लहान. त्यावरचा टप्पा ‘1 इंच’ सेन्सरचा. हा 13.2 बाय 8.8 मिलिमीटर. क्षेत्रफळ काढलं तर पहिल्याच्या चौपट. पावसात वाटी आणि परात शेजारी ठेवली, तर परातीत जास्त पाणी साठणार. तसंच हे.

(1 इंची सेन्सर कुठूनही मोजला तरी 1 इंच भरत नाही. हे नाव जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांतल्या काचेच्या नळीच्या बाहेरच्या व्यासावरून आलंय. नळ्या गेल्या, माप राहिलं.)

आता पंचाईत अशी, की पंधरा-वीस हजारांच्या अनेक फोनमध्ये मुख्य कॅमेऱ्याचा सेन्सर 1/2 इंचाच्या आसपासचा असतो, म्हणजे स्वस्त कॉम्पॅक्टपेक्षा थोडा मोठाच. शिवाय फोन एका क्लिकमध्ये चटचट अनेक फोटो काढून त्यांचा एक चांगला फोटो जुळवतो. स्वस्त कॅमेऱ्यात हे डोकं नसतं. त्यामुळे संध्याकाळी दुकानाच्या ट्यूबलाइटखाली 1/2.3 इंची नव्या कॅमेऱ्यानं तुमच्या दोन वर्षं जुन्या फोनला हरवावं, ही अपेक्षाच चूक आहे.

लेन्सकडेही बघायला हवं. वर सांगितलेल्या इक्सस 285 ला 12 पट ऑप्टिकल झूम आहे. पण झूम न करता लेन्सचं तोंड एफ 3.6 इतकं उघडतं आणि पूर्ण झूम केल्यावर एफ 7. हा आकडा जितका मोठा, तितकी फट लहान. म्हणजे झूम ताणल्यावर आत येणारा प्रकाश साधारण चौथ्या हिश्श्यावर येतो. भर उन्हात काही बिघडत नाही. दुकानात आत बसून झूम केलं, की फोटो हललेला किंवा वाळू पसरल्यासारखा दाणेदार येतो.

मग कॅमेरा घ्यायचाच कशाला?

तीन गोष्टींसाठी.

पहिली, फ्लॅश. फोनचा फ्लॅश खरं तर एलईडीची टॉर्च आहे. कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यात झेनॉनची नळी असते. ती सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपासच पेटते आणि प्रचंड उजेड टाकते. नाचताना उडालेली ओढणी, हळदीत उडालेलं पाणी जागच्या जागी गोठतं. ‘डिजिकॅम लूक’ म्हणतात तो बहुतांशी हा झेनॉन फ्लॅश आहे, बाकी तारखेचा शिक्का. तो लूक फिल्टर लावून पूर्ण येत नाही. तुम्हाला हेच हवं असेल तर कॅमेरा घेण्यात अर्थ आहे. मात्र निनावी स्वस्त कॅमेऱ्यांपैकी बऱ्याच जणांत फ्लॅशच्या जागीही एलईडीच असतो, तेवढं तपासून घ्या.

दुसरी, खरा झूम. गांधीबागेच्या शेजारीच इतवारी-महालच्या गल्ल्यांतून पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या मिरवणुका निघतात. काळ्या मारबतीची परंपरा 1881 पासूनची आणि पिवळीची 1885 पासूनची सांगतात. सोबत त्या वर्षीच्या घडामोडींवर टोमणे मारणारे बडगे. गर्दी एवढी की पाय हलवायला जागा नसते, वरून पावसाची भुरभुर. उजेड दिवसाचा असतो आणि अंतर जास्त. अशा वेळी मनगटाला दोरी बांधलेला छोटा कॅमेरा आणि 8-10 पट ऑप्टिकल झूम हे जमतं. बडग्याच्या गळ्यातली पाटी वाचता येईल असा फोटो मिळतो. 1/2.3 इंची कॅमेऱ्याची खरी जागा ही. पैसे वाया गेले असं इथे वाटणार नाही.

तिसरी साधीच: फोन मोकळा राहतो. दुकानात ज्या फोनवर फोटो काढायचे, त्याच फोनवर ऑर्डरी येतात.

कापडाचे फोटो काढणाऱ्यांसाठी थोडं जास्त

साडीचा रंग चुकतो, तेव्हा दोष बहुतेक वेळा उजेडाचा असतो. दुकानात एका बाजूला पांढरी एलईडी, दुसऱ्या बाजूला पिवळा दिवा, दारातून दिवसाचा उजेड. कॅमेऱ्याला कळतच नाही की पांढरं कशाला म्हणायचं. कॅमेऱ्यात ‘कस्टम व्हाइट बॅलन्स’ आहे का, हे घेण्याआधी विचारा. असेल तर साडीच्या जागी कोरा पांढरा कागद धरून सेटिंग करायचं, मग तोच उजेड ठेवून सगळे फोटो काढायचे. नसेल तर निदान एकाच प्रकारचा दिवा ठेवा आणि बाकीचे बंद करा. दिवा घेताना वॉटपेक्षा सीआरआय बघा. हा रंग किती खरे दिसतात याचा आकडा आहे, कमाल 100. 90 च्या वर असलेला दिवा कापडासाठी घ्यावा. स्वस्त बल्बांवर तो बहुधा 80 च्या आसपास असतो, आणि मार पडतो तो नेमका लाल-गुलाबी छटांना. राणीचा मरून होतो तो इथे.

व्हिडिओत काळे पट्टे वरून खाली सरकताना दिसतात ना? आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात. कॅमेरा 60 हर्ट्झच्या देशासाठी लावलेला असेल तर ताळमेळ बिघडतो. मेनूत ‘पाल’ किंवा 50 हर्ट्झ निवडा, शटर स्पीड ठेवता येत असेल तर 1/50 किंवा 1/100. पट्टे जातात. आयात केलेल्या कॅमेऱ्यात हे सेटिंग हमखास उलटं असतं.

आणखी एक गंमत फक्त कापडात होते. बारीक विणीच्या कापडावर फोटोत इंद्रधनुषी लाटा उमटतात. डोळ्यांना दिसत नाहीत, फोटोत दिसतात. सेन्सरवरच्या ठिपक्यांची जाळी आणि धाग्यांची जाळी एकमेकांवर आली की हा भास होतो. त्याला मॉइरे म्हणतात. कॅमेरा खराब नाही. दोन पावलं मागे-पुढे व्हा किंवा कापड जरा तिरकं धरा.

आपल्या विदर्भातल्या करवत काठी साडीसारख्या मालाला तर काठाचे करवतीसारखे दातेच विकतात. ते दिसायला हवेत. त्यासाठी कॅमेरा किती जवळून फोकस करतो (मॅक्रो अंतर) हे बघा. दुकानात उभं राहून स्वतःच्या कापडाचा तुकडा खिशातून काढून तिथेच फोटो घेऊन बघा. विक्रेता हसेल, हसू द्या.

बजेट आणि माझं मत

पाच हजारांच्या आत. कॅमेरा घेऊ नका. फोन ठेवा, 90 च्या वर सीआरआय असलेले दोन दिवे, एक ट्रायपॉड आणि मागे लावायला फिकट राखाडी कापड घ्या. कापड तर गांधीबागेत आहेच. फोटोत जितका फरक यानं पडेल, तितका वीस हजारांच्या नव्या कॉम्पॅक्टनं पडणार नाही. दुकानाच्या कॅटलॉगसाठी माझं उत्तर इथेच संपतं.

पंधरा-वीस हजार, आणि नवाच हवा. या टप्प्यात ओळखीचं म्हणावं असं एक नाव म्हणजे कोडॅक पिक्सप्रो. एफझेड45 आणि एफझेड55 ही त्यातली जोडी: दोन्ही 16 मेगापिक्सेल, 1/2.3 इंची सेन्सर, फुल एचडी व्हिडिओ. पहिल्याला 4 पट ऑप्टिकल झूम, दुसऱ्याला 5 पट. एफझेड45 साध्या दोन पेन्सिल सेलवर चालतो. कोणाला हे जुनाट वाटेल, पण मारबतीच्या गर्दीत बॅटरी संपली तर कोपऱ्यावरच्या दुकानात सेल मिळतील, लिथियमची बॅटरी मिळणार नाही. वाय-फाय त्यात नाही, म्हणजे फोटो फोनवर घ्यायला शंभर-दोनशे रुपयांचा कार्ड रीडर लागेल. रोज स्टोरी टाकणाऱ्याला हा व्याप वाटू शकतो.

नावाबद्दल एक खुलासा. डिजिटल कॅमेऱ्याचा पहिला नमुना 1975 मध्ये ज्या कोडॅकमध्ये स्टीव्हन सॅसन या इंजिनिअरनं बनवला, तीच ही कंपनी असं समजू नका. मूळ कोडॅकनं 2012 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला आणि डिजिटल कॅमेरे बनवणं सोडलं. पिक्सप्रो बनवते जेके इमेजिंग नावाची कंपनी, कोडॅकचं नाव परवान्यानं घेऊन. 2025 मध्ये गाजलेला किल्लीच्या जुडग्याला लटकवायचा ‘चार्मेरा’ त्याहून वेगळ्याच कंपनीचा, आणि तो अवघ्या 1.6 मेगापिक्सेलचं खेळणं आहे. डब्यावरचं नाव एक, आतला माल तीन ठिकाणचा. त्यामुळे वॉरंटी भारतात कोण देणार, हे डब्यावरच्या आयातदाराच्या नावावरून ठरवा.

पन्नास हजारांच्या आसपास. इथे 1 इंची सेन्सर सुरू होतो. सोनीचा झेडव्ही-1एफ हा 2022 चा कॅमेरा व्हिडिओ आणि रीलसाठीच बनवलाय: 20 मेगापिक्सेल, एफ 2 ची लेन्स, बाजूला उघडणारी स्क्रीन, यूएसबीनं जोडून थेट लाइव्ह. मात्र ऑप्टिकल झूम अजिबात नाही, आणि लेन्स इतकी रुंद की चेहरा जवळून घेतला तर नाक मोठं येतं. दुकानातून रोज साडीचं लाइव्ह करणाऱ्याला मी हा सांगेन. मिरवणुकीला जाणाऱ्याला नाही.

वीस आणि पन्नासच्या मधल्या जागेत नवं घेण्यासारखं कमी आहे. तीस हजार हातात असतील तर एक तर दहा वाचवा किंवा वीस जमवा. नाहीतर सेकंड हँडकडे वळा.

सेकंड हँड घेताना

पंधरा-वीस हजारांत सगळ्यात जास्त कॅमेरा जुन्यातच मिळतो. पण फॅशनमुळे जुन्या सायबरशॉटचेही भाव चढलेत, तेव्हा ‘विंटेज सीसीडी’ या शब्दाला जादा पैसे देऊ नका. सीसीडी ही सेन्सरची जुनी पद्धत. तिचे रंग काहींना आवडतात, पण कमी उजेडात ती नव्या सीमॉसपेक्षा मागे पडते. उदाहरणार्थ, सोनी डब्ल्यू830 मध्ये 20 मेगापिक्सेलचा सीसीडी आणि 8 पट झूम आहे, व्हिडिओ मात्र 720 चाच. फोटोसाठी गोड, रीलसाठी कच्चा.

बर्डीला किंवा ओळखीतून कॅमेरा बघायला जाताना स्वतःचं कार्ड सोबत न्या. पाच-सात वेळा चालू-बंद करा. लेन्स बाहेर येताना कुरकुरते का, अडकते का ते ऐका. कॉम्पॅक्टचं पहिलं दुखणं तेच असतं आणि दुरुस्ती कॅमेऱ्याच्या किमतीपर्यंत जाते. पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून मोठा करून बघा. करडे डाग दिसले तर सेन्सरवर धूळ आहे. लेन्समध्ये मोबाइलचा टॉर्च तिरका मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, कॅमेरा परत ठेवा. फ्लॅश पाच वेळा मारा. बॅटरी फुगलेली नाही ना, चार्जर आहे ना, आणि त्या मॉडेलची नवी बॅटरी आज मिळते ना, हे तिथेच फोनवर शोधा.

कार्डाचा घोळ वेगळाच. 2006 च्या आधीचे बरेच कॅमेरे 2 जीबीपेक्षा मोठं एसडी कार्ड ओळखत नाहीत. त्यानंतरच्या काही वर्षांतले 32 जीबीपर्यंत जातात. जुन्या सोनीला मेमरी स्टिक लागते, जुन्या ऑलिम्पसला आणि फुजीला एक्सडी कार्ड. ही कार्डं आता शोधून आणावी लागतात, आणि स्वस्तात घेतलेला कॅमेरा तिथे महाग पडतो.

फोनसारखा आयएमईआय नंबर कॅमेऱ्याला नसतो, त्यामुळे चोरीचा माल ओळखणं अवघड. जुनं बिल मागा, त्यावरचा आणि कॅमेऱ्याच्या तळाचा सिरियल नंबर जुळवा. बिल नसेल तर विकणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत आणि दोन ओळींची सही केलेली पावती घ्या.

बिल, डबा आणि नागपूरचं ऊन

‘बिलाशिवाय घेतला तर दोन हजार कमी’ असं कोणी म्हणेल. डिजिटल कॅमेऱ्यावर 1 जानेवारी 2019 पासून 18 टक्के जीएसटी आहे, त्याआधी 28 होता. कर धरून वीस हजारांच्या कॅमेऱ्यात सुमारे 3,050 रुपये कराचे असतात. गांधीबागेतल्या नोंदणीकृत दुकानानं धंद्यासाठी कॅमेरा घेतला आणि बिलावर स्वतःचा जीएसटी नंबर टाकून घेतला, तर हा कर इनपुट क्रेडिट म्हणून मिळू शकतो. कंपोझिशन योजनेत असाल तर मिळत नाही. तुमच्या सीएला एक फोन करा. दोन हजारांच्या सवलतीत तुम्ही तीन हजार सोडत असाल कदाचित.

डब्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, कोणत्या देशात बनला, आयातीचा महिना-वर्ष, एमआरपी आणि ग्राहक सेवेचा नंबर छापलेला असणं कायद्यानं बंधनकारक आहे. यातलं काही नसेल तर तो ग्रे मार्केटचा माल, वॉरंटी दुकानदाराच्या तोंडातली. बॅटरी आणि चार्जरवर बीआयएसचा नोंदणी नंबर असतो. ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपमध्ये टाकून तो खरा की खोटा ते कळतं. ऑनलाइन मागवलात तर पाकीट उघडताना न थांबवता व्हिडिओ काढा आणि परतीची मुदत संपण्याआधीच उन्हात, ट्यूबलाइटखाली आणि रात्री असे तिन्हीकडे फोटो काढून बघा. विक्रेता ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915.

शेवटचं, खास इथल्यांसाठी. बहुतेक कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांच्या माहितीपत्रकात 0 ते 40 अंश तापमानात वापरा असं लिहिलेलं असतं. नागपुरात मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो. 23 मे 2013 ला तो 47.9 वर गेला होता. दुपारी गाडीच्या डिकीत कॅमेरा ठेवू नका, बॅटरी तर नाहीच. पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा, बुरशी धरत नाही. आणि कापडाच्या दुकानात सुताचा बारीक भुसा सतत उडत असतो. लेन्स आत-बाहेर होताना तो ओढला जातो, आणि लेन्स न निघणाऱ्या कॅमेऱ्याचा सेन्सर घरी साफ करता येत नाही. थान उलगडताना कॅमेरा बंद ठेवा, पिशवीत घाला, आणि पिशवी लोकरीची किंवा सुती नको, नायलॉनची घ्या.